आमच्या फ्लॅटला पत्ता नव्हता

बाळंतपणाची रजा संपवून मी कामावर परत गेले तेव्हा मला एकच गोष्ट हवी होती. दुपारी जेवणाच्या सुट्टीत थोडा वेळ माझी मुलगी काय करतेय ते बघायचं. त्यासाठी मी जो मनस्ताप भोगला तो बाळंतपणातही भोगला नव्हता, आणि माझं बाळंतपण काही सोपं नव्हतं.

मी तेव्हा हिंजवडीला एका कंपनीत नेटवर्क विभागात होते. समुद्रापलीकडच्या एका विमा कंपनीची सगळी कार्यालयं एकमेकांशी जोडलेली ठेवणं हे आमचं काम. तिथल्या कुठल्याशा गावातल्या शाखेतला प्रिंटर बंद पडला तरी मला इथे बसून कळायचं, आणि तो इथूनच सुरूही करता यायचा. मात्र चांदणी चौकापलीकडे, कोथरूडमध्ये, माझ्या स्वतःच्या हॉलमध्ये माझी चार महिन्यांची मुलगी झोपली आहे की रडते आहे, हे मला कळायला मार्ग नव्हता. यातला विनोद माझ्या लक्षात यायचा. हसू यायचं नाही.

घरी सासूबाई होत्या. नवरा बँकेत, बदली साताऱ्याला, शनिवारी यायचा आणि सोमवारी उजाडायच्या आत जायचा. म्हणजे एरवी घरात आम्ही तिघीच. सासूबाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या, ट्रंक कॉल लावून द्यायच्या. नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, पण बोलणं तसंच राहिलं होतं. दारावर कोणी आलं तरी "कुठून आलात? कोण हवंय? थांबा," एवढं म्हणून त्या आत जायच्या. पुष्कळ लोक तेवढ्यावर निघूनही जायचे.

नातीला मात्र त्या उत्तम सांभाळत. तक्रारीला जागाच नव्हती आणि माझी खरी पंचाईत तीच होती. मी दुपारी फोन करायचे.

"काय करतेय?"

"झोपली आहे."

"प्यायली का?"

"प्यायली. अजून काही?"

अजून काय असणार. एवढ्या काटकसरीने बोलणाऱ्या बाईला 'तिचा हात कुठे आहे, डोळे नीट मिटलेत का, झोपेत हसतेय का' हे विचारायची सोय नव्हती. मी "काही नाही" म्हणायचे आणि पलीकडे फोन खाली ठेवलेला असायचा.

त्यात मुलगी कुशीवर व्हायला लागली होती. आज-उद्या पालथी पडणार असं बघणारा प्रत्येक जण सांगत होता. मला तेच नको होतं, म्हणजे ते असं व्हायला नको होतं. मी हिंजवडीत कोणाच्या तरी प्रिंटरची चौकशी करत बसणार, ती इकडे पालथी पडणार, आणि संध्याकाळी मला दारात चपला काढताना त्याची बातमी मिळणार. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पालथी पडेल हो, पण ते पहिल्यांदा नसेल. माझ्या पोटातून आलेल्या मुलीची पहिली कसरत मी ऐकीव माहितीवर साठवायची, हे मला मान्य नव्हतं.

म्हणून मी कॅमेरा आणला. छोटासा, मुठीत मावेल एवढा, घरच्या वायफायला जोडायचा. हॉलमध्ये टेलिफोनच्या वरच्या फळीवर बसवला, खाली जमिनीवर गोधडी अंथरलेली असायची तिकडे तोंड करून. मग स्वयंपाकघरात जाऊन फोनवर बघितलं. गोधडी, तिच्यावर मुलगी, हवेत पाय मारतेय. चित्र इतकं स्वच्छ की मला भरून आलं. मी सासूबाईंना बोलावून दाखवलं.

त्यांनी फोनमध्ये बघितलं, मग हॉलकडे बघितलं. "इथून तिथे बघायला कॅमेरा कशाला? मान वळव की."

"आई, हे ऑफिसातून बघायला आहे."

"मग ऑफिसातून दिसतंय का ते बघ."

ऑफिसातून अर्थातच दिसलं नाही.

हे असं का होतं ते सांगायला हवं, नाहीतर माझा संताप कोणाला समजणार नाही. आमच्या भागात टीव्हीच्या केबलवाल्यानेच इंटरनेटही द्यायला सुरुवात केली होती. झाडावरून, गॅलरीवरून, समोरच्या सोसायटीच्या टाकीवरून त्याची काळी वायर यायची. घरातून बाहेरचं जग बघायला ती पुरेशी होती, बाहेरून घरात यायला नव्हती. कारण केबलवाल्याने आमच्या घराला स्वतंत्र पत्ताच दिलेला नव्हता. सबंध भागाला मिळून एक पत्ता. सोसायटीच्या फाटकाशी एकच पत्रपेटी असावी, आणि वॉचमनने सांगावं, की तुम्ही कोणाला पत्र लिहिलंत तर त्याचं उत्तर वर आणून देईन, पण आपणहून कोणाचं पत्र आलं तर ते कोणत्या फ्लॅटचं हे मला माहीत नाही, मी फाडून टाकणार. तसं ते होतं. माझ्या कॅमेऱ्याला मी हिंजवडीहून हाक मारायचे आणि केबलवाला ती फाडून टाकायचा.

यावर सरळ उपाय म्हणजे स्वतःचा कायमचा पत्ता मागून घेणं. मी शनिवारी त्याच्या कार्यालयात गेले. कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीत एक गाळा, अर्ध्या भागात वायरींची भेंडोळी, उरलेल्या अर्ध्या भागात काउंटर आणि त्यामागे एक गृहस्थ.

"मला स्टॅटिक आयपी पाहिजे."

"तो घरगुती कनेक्शनला मिळत नाही. बिझनेसला मिळतो."

"मग बिझनेस कनेक्शन द्या."

"शॉप अ‍ॅक्टचं लायसन आणा."

"अहो, घर आहे ते. दुकान नाही."

"मग बिझनेस कनेक्शन कशाला मागताय?"

मी शक्य तेवढ्या शांतपणे सगळं सांगितलं. लहान बाळ, माझी नोकरी, कॅमेरा, दुपारची सुट्टी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "घरातलं बाहेरून कशाला बघायचंय? घरी जाऊन बघा."

मग त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि शटर ओढायचा आकडा हातात घेतला. एक ते चार बंद.

मी स्कूटरवर बसले आणि मला रडू आलं. मग रडू आलं याचा राग आला. त्या माणसाला काहीच म्हणायचं नव्हतं, तो फक्त जेवायला निघाला होता. पण माझ्या रजेतले शेवटचे दिवस मी हेच वाक्य स्वतःच्या तोंडाने स्वतःला ऐकवत काढले होते, आणि आता ते काउंटरवरून फुकट मिळालं. मी ठरवलं, आता काहीही झालं तरी हे चित्र हिंजवडीत दिसलंच पाहिजे.

आणि खरं म्हणजे त्यात अवघड काही नव्हतं, हे तर माझं रोजचं काम होतं. बाहेरून आत यायला बंदी होती, आतून बाहेर जायला नव्हती. मग घरानेच बाहेर फोन लावायचा आणि लाइन सोडायची नाही. मी युरोपात कुठेतरी भाड्याने मिळणारा एक कॉम्प्युटर घेतला. घरात एक जुना लॅपटॉप होता, तो कपाटावर चढवला आणि त्याला सांगितलं, तू सतत त्या युरोपातल्या कॉम्प्युटरला धरून बस. मी हिंजवडीहून त्याच युरोपातल्या कॉम्प्युटरकडे जाणार आणि त्याने धरून ठेवलेल्या लाइनवरून मागच्या दाराने घरात शिरणार. म्हणजे कोथरूडच्या हॉलमधलं चित्र आधी युरोपात जाणार आणि तिथून वळून चांदणी चौकाच्या अलीकडून पलीकडे येणार. हे कोणाला सांगायचीही लाज वाटावी असं होतं.

सासूबाईंना सांगितलं तर त्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. "नागपूरची सरळ लाइन लागत नसली की आम्ही मुंबईमार्गे लावायचो," त्या म्हणाल्या. "नगरची सुद्धा कधीकधी मुंबईमार्गे लागायची. बोलणाऱ्याला काय करायचंय."

एका रविवारी दुपारी ते चालू झालं. सोमवारी बंद पडलं.

थोडा वेळ बोलणं झालं नाही तर केबलवाला लाइन तोडायचा. म्हणून मी लॅपटॉपला सारखं काहीतरी पुटपुटत राहायला लावलं. मग केबलवाल्याने त्या प्रकारच्या लाइनीच बंद केल्या. म्हणून मी ती लाइन, बँकांच्या वेबसाइटी ज्या दारातून जातात त्या दारातून काढली. ते दार बंद केलं असतं तर सबंध कोथरूड त्याच्या गाळ्यावर गेलं असतं. शिवाय त्याचं एक लॉगिनचं पान होतं. रोज एकदा त्यावर बटण दाबल्याशिवाय इंटरनेट सुरू व्हायचं नाही. ते बटण दाबायलाही मी लॅपटॉपला शिकवलं. आठवडाभर सुखात गेला. मग केबलवाल्याने त्या पानावर वेड्यावाकड्या अक्षरांचं चित्र टाकलं, ती अक्षरं वाचून टाइप करायची. यंत्राला ती वाचता येऊ नयेत यासाठीच असतात ती. माणूस लागणार होता.

"मला दाखव," सासूबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून रोज दुपारी बाराच्या सुमाराला त्या खुर्ची ओढून लॅपटॉप खाली घ्यायच्या, चष्मा लावून ती अक्षरं एका बोटाने टाइप करायच्या, लॅपटॉप परत वर ठेवायच्या आणि मला मिस्ड कॉल द्यायच्या. याचा अर्थ, लाइन चालू. कधी चुकल्या नाहीत. माझ्या टीममधल्या मुलांकडून मी असलं काही करून घेऊ शकले नसते.

मधेच एकदा सगळं दर दुपारी बंद पडायला लागलं. शोधलं तेव्हा कळलं की सासूबाईंनी लॅपटॉपला क्रोशाचं कव्हर विणलं होतं. आमच्या घरात टीव्हीला कव्हर होतं, फ्रिजला होतं, मिक्सरला होतं, रिमोटला प्लास्टिकची पिशवी होती. लॅपटॉपच उघडा का राहील? तो आत तापून तापून बंद पडायचा. मी कव्हर काढलं, धूळ बसली तरी चालेल असं सांगितलं. त्यांनी ते घडी करून कपाटात ठेवलं. वाईट वाटलं असावं.

आणि त्यानंतर चित्र काळं यायला लागलं.

आमच्या ऑफिसात कामाच्या जागी कॅमेऱ्याचे फोन न्यायला बंदी होती. फोन खाली लॉकरमध्ये. जेवणाच्या सुट्टीत मी डबा पटापट संपवून फोन घ्यायचे आणि पार्किंगच्या कडेला जायचे. तिथे एका झाडाखाली मोबाइलला बऱ्यापैकी रेंज यायची, कॅन्टीनमध्ये अजिबात नाही. थ्रीजी नुकतं आलं होतं आणि मनात येईल तेव्हा जायचं. तर त्या झाडाखाली उभं राहून मी लाइन लावायचे, लाइन लागायची, कॅमेरा उत्तर द्यायचा, आणि पडद्यावर मिट्ट काळोख.

संध्याकाळी घरी येऊन बघावं तर चित्र लख्ख. शनिवार-रविवार लख्ख. सोमवारी दुपारी काळोख. केबलवाल्याला फोन केला की उत्तर ठरलेलं, "मॅडम, आमच्याकडून चालू दाखवतंय. राउटर बंद करून चालू करा." मी ऑफिसच्या डोक्याने विचार केला. कामाच्या दिवशी, कामाच्या वेळात, चित्रच तेवढं अडवलं जातंय, बाकी सगळं जातंय. म्हणजे हा लबाड दुपारी गर्दीच्या वेळी व्हिडिओ गिळतोय. मी चित्राचा आकार कमी केला. चित्र गुंडाळून, कुलूप लावून पाठवलं. कॅमेऱ्याचं आतलं सॉफ्टवेअर बदललं. केबलवाल्याला एक सविस्तर ईमेल लिहिली, तिच्यात त्याच्याच नियमांची कलमं काढून दाखवली. उत्तर आलं, राउटर बंद करून चालू करा. मी रोज दुपारी झाडाखाली उभी राहून काळ्या पडद्याकडे बघत त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते, आणि तिकडे माझी मुलगी पालथी पडायच्या बेतात होती.

एके दिवशी काळोख नव्हता. पडदा पिवळट होता आणि त्याच्यावर बदकं होती.

धूसर, मोठमोठाली, ओळीने चाललेली बदकं. मी बघतच राहिले. नेटवर्कच्या कुठल्याही बिघाडात बदकं दिसत नाहीत. मग ती मला ओळखू आली. तुळशीबागेतून मीच आणलेलं पातळ दुपटं होतं ते. रोज जाड दुपटं असायचं, ते बहुतेक त्या दिवशी वाळत होतं.

घरी येईपर्यंत बसमध्ये माझा जीव नुसता उकळत होता. हात-पायही न धुता मी विचारलं, "आई, कॅमेऱ्यावर दुपटं टाकता तुम्ही?"

त्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "हो."

"का?"

"धूळ बसते."

"रविवारी नाही बसत का धूळ?"

"रविवारी तू घरी असतेस."

मी पर्स टेबलावर आपटली. म्हटलं, मी इतके दिवस त्या केबलवाल्याशी भांडतेय, लोकांसारखं जेवत नाही, झाडाखाली वेड्यासारखी उभी राहते, आणि तुम्ही रोज माझ्यासाठी लाइन चालू करता आणि वर दुपटं टाकता? मग लाइन चालू तरी कशाला करायची?

"लाइन लावून देणं माझं काम," त्या म्हणाल्या. "आणि त्या माणसाशी भांडायलाच हवं होतं. कामाचा नाही तो." मग एक झबलं उचलून म्हणाल्या, "झोपलेल्या पोराकडे असं लांबून टक लावून बघू नये. आईची दृष्ट सगळ्यात आधी लागते."

मी इंजिनिअर. मी काय म्हटलं असेल ते सांगायला नको. माझं बोलून झाल्यावर त्यांनी हातातल्या झबल्याची घडी पुरी केली आणि मला बसायला सांगितलं. एवढं सलग बोलताना मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं.

माझा नवरा तेव्हा वर्षाचा व्हायचा होता. सदाशिव पेठेत दोन खोल्या होत्या, तिथे शेजारणीकडे त्याला ठेवून त्या ड्यूटीवर जायच्या. "अख्ख्या पुण्याला जोडून द्यायचे मी. दिल्ली लावायचे, कलकत्ता लावायचे. आणि माझ्या घरी लावायला नंबर नव्हता. फोनसाठी नाव घातलं होतं, सगळ्यांनी घातलं होतं. शेजारी नाही, खाली दुकानात नाही." एकदा दुपारभर त्यांचं कामात लक्ष लागेना. मुलाचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. एकाची लाइन दुसऱ्याला जोडली, सुपरवायझरची बोलणी खाल्ली. संध्याकाळी घरी गेल्या तर दाराला कुलूप. मुलाला ताप चढून आकडी आली होती, शेजारीण त्याला घेऊन दवाखान्यात गेलेली.

"दुपारपासून होता ताप," त्या म्हणाल्या. "मी त्याला डोळ्यांपुढे घेऊन बसले होते तेव्हापासून. डॉक्टरांनी सांगितलं, तापाने येते आकडी, तुमचा काही दोष नाही. मला समजलं ते. पण इतकी वर्षं झाली तरी मनातून जात नाही. तुझ्या मनात तसलं काही बसायला नको, म्हणून दुपटं."

माझा राग गेला नव्हता, फक्त तो आता कोणावर काढायचा ते कळत नव्हतं. मुलगी गोधडीवर एका कुशीवर होऊन स्वतःची मूठ चोखत होती. तिच्याकडे बघत मी म्हटलं, "आई, मी बघितलं नाही तरी दिवसभर तिलाच डोळ्यांपुढे घेऊन बसते. बघितलं की उलट जरा कामाला लागते. दृष्ट लागायचीच असेल तर ती तशीही लागेल ना?"

त्यांनी यावर बराच विचार केला. लाइन कुठून फिरवून नेता येईल याचा विचार करताना असाच चेहरा करत असाव्यात.

"ते खरं आहे," त्या म्हणाल्या, आणि उठून कुकर लावायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी लॉकरमधून फोन काढला तेव्हा मिस्ड कॉल वेळेवर येऊन पडला होता. मी डबा अर्धा टाकून झाडाखाली गेले. लाइन लागली. आणि पडद्यावर आमचा हॉल आला, दुपारच्या उन्हातला, गोधडी, तिच्यावर उताणी पडलेली माझी मुलगी. दुपटं नव्हतं. मी तिथेच स्कूटरींच्या मध्ये उकिडवी बसले.

चौकटीत सासूबाई आल्या. त्यांची उजवी मूठ मिटलेली होती. गोधडीशी वाकून त्यांनी ती मुलीवरून ओवाळली. मीठ-मोहरी, आणखी मिरच्याही असतील. म्हणजे मी बघायचं आणि लगेच त्यांनी ते उतरवून टाकायचं, असा मार्ग त्यांनी काढला होता. मला जरा चीड आली आणि जरा हसू आलं. आता त्या स्वयंपाकघरात जाऊन ते तव्यावर टाकतील असं मला वाटलं. पण त्या वळून कॅमेऱ्याकडे आल्या. अगदी जवळ, इतक्या की पडदाभर त्यांचा चेहरा आणि मूठ. आणि ती मूठ त्यांनी कॅमेऱ्याभोवती फिरवायला सुरुवात केली. ओठ हलत होते. आवाज येत नव्हता, पण ते शब्द सगळ्यांना पाठ असतात, आल्यागेल्याची, पाहुण्यारावळ्याची. त्या माझी दृष्ट काढत होत्या. पार्किंगमध्ये बसलेल्या माझ्यावरून त्या मीठ ओवाळत होत्या.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणून ते मला नीट दिसलं नाही, नाहीतर आणखी आधी दिसलं असतं. सासूबाईंच्या कोपराच्या मागे, गोधडीवर, मुलीने एक पाय हवेत उचलून पलीकडे टाकला होता. कंबर वळली. खांदा अडकला. एक हात अंगाखाली सापडला, ती तशीच अर्धवट लटकल्यासारखी राहिली, लाल झाली असावी, आणि मग एकदम सगळी पलीकडे झाली. पालथी. हनुवटी गोधडीत, मग डोकं वर, डगमगत.

सासूबाईंची पाठ होती तिकडे. त्या एकाग्रपणे माझी दृष्ट काढत होत्या. सबंध जगात ते मी एकटीने बघितलं.

माझ्या फोनवरून बोलले असते तर चित्र गेलं असतं; शेजारी एकजण हेल्मेट काढत होता, मी त्याच्याकडे त्याचा फोन मागितला. त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघून तो निमूटपणे दिला. घरचा लँडलाइन नंबर फिरवला. माझ्या डाव्या हातातल्या पडद्यावर सासूबाई अजून मूठ ओवाळतच होत्या, आणि उजव्या कानात त्यांचा आवाज आला, "हॅलो. कोण हवंय?" चित्र युरोपातून फिरून मागाहून येत होतं, आवाज सरळ आला होता.

"आई, मागे बघा."

"कोण बोलतंय?"

"आई, मीच. मागे वळून बघा. गोधडीवर."

पलीकडून एक बारीक आवाज आला, त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता असा. पडद्यावर त्या अजून माझ्याकडेच बघत होत्या, मूठ अर्ध्यावर होती. आता वळतील, आता वळतील, म्हणून मी बघत होते, तेवढ्यात चित्र तिथेच थिजलं.

"पडली पालथी," त्या फोनवर म्हणाल्या. "मान वर करून बसली आहे. तू बघितलंस?"

"हो."

"पडताना?"

"हो. तुम्ही पाठमोऱ्या होतात."

त्या हळहळल्या असाव्यात, कारण इतके दिवस दिवसभर तिच्याजवळ त्याच तर होत्या. मग त्यांचा नेहमीचा आवाज परत आला.

"बरं झालं. तू आधी बघितलंस ते बरं झालं. आता बंद कर तो कॅमेरा. मुठीतलं मीठ सांडलं माझं, आणखी बघितलंस तर पुरायचं नाही."

मी बंद केला नाही. केबलवाल्याने तो केव्हाच बंद केला होता.